ओल, भिंग आणि कोरडी पेटी



जबलपूर जिल्ह्यातील शहपुरा हे नर्मदेच्या खोऱ्यातील गाव. त्याचे भिटौनी स्थानक जबलपूर-इटारसी लोहमार्गावर आहे. १८७० साली हा मार्ग पुरा झाला आणि मुंबई व कलकत्ता ही शहरे रुळांनी जोडली गेली. आषाढ-श्रावणात या खोऱ्यातील हवा इतकी ओली होते की कपाटातल्या चामड्यावर पांढुरकी बुरी चढते आणि सर्दावलेली आगकाडी पेटत नाही. अशा गावी ज्याच्या घरी कॅमेरा असेल, त्याला चित्र घेण्याइतकीच कॅमेरा ठेवण्याचीही विद्या शिकावी लागते.

ओलीशी चाललेले हे भांडण जुनेच आहे. उष्ण देशांत सरसाचे सांधे सुटतात, हे पाहून विलायती कारागिरांनी खास आपल्यासारख्या हवामानासाठी पितळी पट्ट्यांनी जखडलेले सागवानी कॅमेरे घडविले. १८९९ साली हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजेच सावेदादा, यांनी मुंबईत कुस्तीचे चित्रण केले. १९१२ साली दादासाहेब फाळके यांनी लंडनहून विल्यमसन कॅमेरा आणला. ही यंत्रे थंड देशात बनली होती. त्यांना आपला पावसाळा सोसावयाचा होता.

त्या काळी प्लॅटिनमच्या छपाईचा नाजूक कागद कॅल्शियम क्लोराइड घातलेल्या बंद नळीत ठेवीत. पण हा क्षार ओल पिऊन स्वतःच पाणी होतो. पुढे वॉल्टर पॅट्रिक या अमेरिकन रसायनज्ञाने सिलिका जेल विपुल प्रमाणात बनविण्याची रीत शोधली. तिचे पेटंट १९१९ सालचे. हे दाणे आपल्या वजनाच्या सुमारे एकतृतीयांश पाणी शोषूनही कोरडेच दिसतात आणि तापविले की पुन्हा कामास येतात. दुसऱ्या महायुद्धात न्यू गिनीच्या अरण्यात सैन्याच्या दुर्बिणींची भिंगे बुरशीने आंधळी होऊ लागली, तेव्हा कोठे शास्त्रज्ञांनी या शत्रूचा कसून अभ्यास केला.

ही बुरशी कोळ्याच्या जाळ्यासारखी भिंगावर पसरते. वरवरची असेतोवर ती पुसता येते. पण तिच्यातून पाझरणारी आम्ले भिंगावरचा लेप आणि अखेर काचही खातात. तो डाग मग जन्माचा! हवेची सापेक्ष आर्द्रता साठ-पासष्ट टक्क्यांच्या वर टिकली की तिला फावते.

आजची विजेवर चालणारी कोरडी पेटी हेच जुने तत्त्व वापरते. तिच्यातील शोषक द्रव्य आतली ओल पिते. काही वेळाने ते आपोआप तापते आणि ती ओल बाहेर सोडते. मात्र पेटी विकत आणली म्हणजे काळजी सरली, असे नाही. दाराच्या रबरी पट्टीवर धूळ बसली की तेथून ओल शिरते. आर्द्रतामापक काटा खोटे बोलू लागतो. त्याची परीक्षा घरच्या मिठाने होते: मीठ पाण्याने ओलसर लगद्याइतके भिजवून त्या मापकासह रात्रभर हवाबंद डब्यात ठेवावे, काट्याने पंचाहत्तर दाखविले पाहिजेत. जितके कमी-अधिक, तितकी त्याची चूक.

आणखी एक मोह टाळावयास हवा. ओल वाईट म्हणून पेटी अगदी शुष्क करणारे पुष्कळ आहेत. त्याने चामडे तडकते, रबर कडक होते, वंगण आटते. चाळीस ते पन्नास टक्के ही मर्यादा बरी. तिथून रोज वर-खाली होण्यापेक्षा एकाच जागी स्थिर राहणे अधिक हिताचे.

आपल्या आज्या-पणज्यांनी मिठाच्या बरणीत तांदळाचे दाणे टाकले. पोथ्या बासनात बांधल्या आणि पावसाळा सरताच त्यांना ऊन दाखविले. टक्केवारीचा हिशेब त्यांच्याजवळ नव्हता, पण वस्तूकडे वरचेवर पाहण्याची सवय होती. पेटीत महिनोन्‌महिने विसरलेला कॅमेरा शेवटी बिघडतोच. त्याला अधूनमधून बाहेर काढावे, भिंग उजेडात धरून न्याहाळावे, चार चित्रे घ्यावीत. शहपुऱ्याच्या पावसाळ्यात नातवाच्या हाती स्वच्छ भिंग जावे असे वाटत असेल, तर विजेच्या पेटीइतकीच ही सवयही जपली पाहिजे.