सरावलीचे दुभाषी

इ.स. १६७४ मध्ये राज्याभिषेकाच्या प्रसंगी हेन्री ऑक्झिंडेन रायगडावर गेला, तेव्हा त्याच्यासोबत नारायण शेणवी हा दुभाषी होता. कंपनीच्या कागदपत्रांत त्याचे नाव टिकून राहिले. तारापूरचे अणुवीज केंद्र १९६९ मध्ये सुरू झाले, पुढे औद्योगिक वसाहत उभी राहिली आणि सरावलीच्या चाळींत उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशातील कुटुंबे वस्तीस आली. त्यांचे दुभाषी कोणत्या दफ्तरात शोधावेत? ते तर मराठी शाळेत पाचवी-सहावीच्या वर्गात बसलेले असतात!

बोलण्यापुरती हिंदी सर्वत्र चालते. अडते ते लेखी मराठीपाशी. हिंदी शिकलेल्या बापाला देवनागरी अक्षरे लागतात, पण अर्थ दगा देतो. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शारीरिक शिक्षेस बंदी घातली. तशी पाटी वाचून एका बापाचा समज झाला की शाळेत व्यायामाचा तासच बंद! हिंदीत 'शिक्षा' म्हणजे शिक्षण. मुलाने हसत हसत बापाची चूक सुधारली. बापही हसला, पण जरा ओशाळून.

एका दवाखान्यात आम्ही पाहिलेली दहा-अकरा वर्षांची मुलगी मात्र हसली नाही. डॉक्टर मराठीत तिला सांगत होते : गाठ तपासण्यासाठी आईला मुंबईस न्यावे लागेल, उशीर करू नका. मुलगी क्षणभर थांबली, मग आईशी ओडियात चार शब्द बोलली. आईने समाधानाने मान हलवली. आम्हांला ओडिया येत नाही. परंतु त्या चार शब्दांत 'मुंबई' नव्हती, एवढे कळले.