बिशपची अंगठी

बिशपची अंगठी ही ख्रिस्ती धर्मप्रांताचा प्रमुख असलेल्या बिशपाने उजव्या हाताच्या अनामिकेत घालावयाची अंगठी होय. ती परंपरेने सोन्याची असून तिच्या कोंदणात एकच मोठे रत्न, बहुधा जांभळा ॲमेथिस्ट, बसवलेले असते. रोमन कॅथलिक व अँग्लिकन परंपरांत धर्मदंड आणि उंच टोपी यांच्याबरोबर ही अंगठी पदचिन्ह मानली जाते. पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स चर्चमधील बिशप सामान्यतः अंगठी वापरत नाहीत. गळ्यातील मरियामातेची प्रतिमा हे त्यांचे चिन्ह असते. या अंगठीची घडण पुढे स्त्रियांच्या दागिन्यांतही उतरली. उंच कोंदणातील ठसठशीत खडा आणि वळ्याच्या खांद्यांवर कोरलेले क्रूस असलेल्या, ‘स्टेटमेंट रिंग’ या नावाने विकल्या जाणाऱ्या अनेक अंगठ्यांचा मूळ नमुना हाच आहे.

अर्थ आणि उगम

मराठीत ‘मुद्रा’ या शब्दाचे शिक्का आणि अंगठी असे दोन्ही अर्थ होतात. बिशपच्या अंगठीच्या इतिहासातही हे दोन्ही अर्थ एकमेकांत मिसळलेले आहेत. रोमन काळात पत्रांवर मोहोर उठवण्यासाठी अंगठी वापरीत, आणि तीच अधिकाराची खूण ठरली. इ.स. ६३३ मध्ये स्पेनमधील टोलेडो येथे भरलेल्या चौथ्या धर्मपरिषदेच्या नियमांत, अन्यायाने पदच्युत झालेल्या बिशपाला पुन्हा पदावर घेताना अंगठी व दंड परत द्यावेत असा उल्लेख आहे. दुसरा अर्थ विवाहाचा आहे. दीक्षाविधीत नव्या बिशपाच्या बोटात अंगठी घालताना, परमेश्वराची वधू मानलेल्या चर्चशी एकनिष्ठ राहण्याची आज्ञा त्याला केली जाते.

अंगठीवरून झालेला संघर्ष

ही अंगठी कोणी द्यावी, हा प्रश्न अकराव्या शतकात युरोपातील सर्वांत मोठा राजकीय वाद ठरला. बिशप हे मोठ्या जमिनींचे धनीही असत. त्यामुळे सम्राट व राजे स्वतःच त्यांना अंगठी आणि दंड देऊन नेमणूक करीत. पोप सातवा ग्रेगरी याने यास विरोध केला. त्याने बहिष्कृत केलेला चौथा हेन्री १०७७ च्या जानेवारीत कानोसाच्या किल्ल्याबाहेर क्षमायाचना करीत उभा राहिला, हा प्रसंग प्रसिद्ध आहे. अखेर ११२२ मध्ये वर्म्स येथील करारात पाचव्या हेन्रीने अंगठी व दंड देण्याचा हक्क सोडला. ऐहिक अधिकार राजदंडाच्या स्पर्शाने देण्याची मुभा मात्र त्याला राहिली.

घडण आणि रत्न

मध्ययुगीन अंगठ्या आज पाहणाऱ्याला अवाढव्य वाटतात. याचे कारण साधे आहे: विधीच्या वेळी त्या हातमोज्यावरून घालीत असत. पुढील काळातील काही अंगठ्यांचे वळे मागच्या बाजूस सरकते ठेवलेले आढळते, जेणेकरून तीच अंगठी उघड्या बोटालाही बसावी.

ॲमेथिस्ट हा स्फटिकाचाच एक प्रकार आहे. सराफ बाजारात त्याला कटेला किंवा जमुनिया म्हणतात. त्याचा जांभळा रंग लोहाचा अंश आणि नैसर्गिक किरणोत्सर्ग यांमुळे येतो. मोह्सच्या मापावर त्याची कठिणता ७ आहे. ग्रीक भाषेतील त्याच्या नावाचा अर्थ ‘नशा न चढणारा’ असा होतो, आणि हा खडा मद्याची धुंदी दूर ठेवतो अशी प्राचीन समजूत होती. धर्मगुरूच्या संयमाशी तिचा मेळ सहज बसला. एकेकाळी तो माणकाच्या पंक्तीत बसे. एकोणिसाव्या शतकात ब्राझील व उरुग्वे येथील विपुल साठे बाजारात आल्यावर त्याची किंमत उतरली. मध्यमवर्गीय स्त्रीला एवढा मोठा खडा बोटात मिरवता येऊ लागला तो या उतरलेल्या किमतीमुळे. हा खडा दीर्घकाळ कडक उन्हात राहिल्यास फिका पडू शकतो, आणि तापवल्यास अनेकदा पिवळा होतो.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या अखेरीस, डिसेंबर १९६५ मध्ये, पोप सहावा पॉल यांनी उपस्थित बिशपांना रत्नाविना साधी सोन्याची अंगठी भेट दिली. तेव्हापासून अनेक कॅथलिक बिशप साधीच अंगठी पसंत करतात. गुडघा टेकून अंगठीचे चुंबन घेण्याची चालही मागे पडत गेली. २०१९ मध्ये लोरेतो येथे पोप फ्रान्सिस हात मागे घेत असल्याचे चित्रण जगभर चर्चिले गेले, तेव्हा त्यामागे आरोग्याची काळजी होती असा खुलासा व्हॅटिकनने केला.

एका अंगठीची भेट

अँग्लिकन धर्मदीक्षा अवैध आहेत, असा निर्णय पोप तेरावा लिओ यांनी १८९६ मध्ये दिला होता. २४ मार्च १९६६ रोजी रोममध्ये पोप सहावा पॉल यांनी स्वतःची अंगठी काढून कँटरबरीचे आर्चबिशप मायकेल रॅम्झी यांच्या बोटात घातली. निर्णय कागदावर बदलला नाही, तरी एका बिशपाने दुसऱ्यास बिशप म्हणून ओळखावे असाच या कृतीचा अर्थ लावला गेला. ती अंगठी रॅम्झी यांनी अखेरपर्यंत वापरली.

स्त्रिया आणि ही अंगठी

धार्मिक अंगठी केवळ पुरुषांची होती असे नाही. आजन्म कौमार्यव्रत घेणाऱ्या स्त्रियांनाही ख्रिस्ताशी झालेल्या वाग्दानाची खूण म्हणून अंगठी देण्याचा विधी जुना आहे. बिशपपदाची अंगठी मात्र स्त्रीला फार उशिरा मिळाली. बार्बरा हॅरिस १९८९ मध्ये बोस्टन येथे अँग्लिकन परंपरेतील पहिल्या स्त्री बिशप झाल्या. भारतात चर्च ऑफ साउथ इंडियाच्या नंद्याल धर्मप्रांतात ई. पुष्पा ललिता यांना २०१३ मध्ये हे पद मिळाले. इंग्लंडच्या चर्चमधील पहिल्या स्त्री बिशप लिबी लेन यांची दीक्षा २०१५ मध्ये यॉर्कच्या महामंदिरात झाली. याच मंदिरात १९६८ मध्ये तेराव्या शतकातील आर्चबिशप वॉल्टर डी ग्रे यांची कबर उघडली असता त्यांची अंगठी सापडली होती. कॅथलिक चर्चमध्ये हे पद आजही पुरुषांपुरते मर्यादित आहे.

दागिन्यांच्या बाजारात हे अंतर कधीच मिटले होते. इंग्लंडमध्ये एकोणिसाव्या शतकात मध्ययुगीन कलेची आवड पुन्हा जागी झाली. वास्तुकार पुगिन यांनी आखलेले, चर्चसाठी धातुकाम करणाऱ्या बर्मिंगहॅमच्या जॉन हार्डमन यांच्या कारखान्यात घडलेले स्त्रियांचे दागिने १८५१ च्या लंडनमधील महाप्रदर्शनात मांडले गेले. वेदीवरचे प्याले घडवणारे हातच आता हार व क्रूस घडवीत होते. विसाव्या शतकात, विशेषतः अमेरिकेत मद्यबंदी असतानाच्या काळात, मोठ्या खड्याच्या ‘कॉकटेल’ अंगठ्यांची फॅशन आली. नशा न चढू देणारा खडा मद्याच्या मैफलीत चमकावा, हा योगायोग गमतीचा खरा. २०१८ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने कॅथलिक कल्पनाविश्व आणि फॅशन यांवर प्रदर्शन भरवले. त्यासाठी व्हॅटिकनने सुमारे ४० वस्तू दिल्या आणि १६ लाखांहून अधिक लोकांनी ते पाहिले. पवित्र चिन्हांचा शोभेसाठी वापर होतो अशी टीका त्यावर झाली. मात्र रत्न, सोने आणि मीनाकाम यांनी मढलेल्या मूळ अंगठीतही शोभा होतीच, हे लक्षात घ्यावे लागते.

महाराष्ट्र व गोवा

मराठी कॅथलिक लेखनात बिशपासाठी ‘महागुरुस्वामी’ हा शब्दही आढळतो. मराठीभाषक कॅथलिकांचे मोठे केंद्र असलेल्या वसईला १९९८ मध्ये स्वतंत्र धर्मप्रांताचा दर्जा मिळाला. गोव्याचे आर्चबिशप फिलिप नेरी फेर्राव यांना २७ ऑगस्ट २०२२ रोजी पोप फ्रान्सिस यांच्या हस्ते कार्डिनलपदाची अंगठी व लाल टोपी प्रदान करण्यात आली.