पाण्यात गुदमरणारा मासा

वैशाखात आमच्या जालना जिल्ह्यातील एखाद्या तळ्यावर पहाटे जाऊन बसावे. पाणी आटून कंबरभर उरलेले असते आणि रोहू-कटला वर येऊन तोंडांची उघडमीट करीत असतात. मुले म्हणतात, 'मासे हवा खायला आले!' ते खरे नव्हे. हवेला टेकलेल्या पाण्याच्या पातळ थरात प्राणवायू जरा अधिक विरघळलेला असतो. तेवढे पाणी ते कल्ल्यांवरून ओढून घेत असतात. रात्रभर शेवाळाने आणि कुजणाऱ्या पाल्याने तळ्यातला प्राणवायू संपवीत आणलेला असतो. ऊन वर येऊन शेवाळ तो पुन्हा निर्माण करू लागेपर्यंतची घटका त्यांना फार जड जाते.

त्याच तळ्यातला मरळ मासा एकदाच वर येतो, हवेचा घोट घेतो आणि तळाशी जातो. हा मात्र खरोखरच हवा खातो! बाजारात पाटीतल्या ओल्या फडक्याखाली तो तासन् तास जिवंत राहतो, हे आमच्याकडच्या बायाबापड्यांना कुणी शिकवावे लागले नाही. विद्वानांना मात्र त्याचा उलगडा व्हायला बराच काळ लागला.

विल्यम सायक्स हा लष्करी अधिकारी १८२४ ते १८३१ या काळात मुंबई सरकारसाठी माहिती व आकडे गोळा करीत दख्खनभर फिरला. भीमा आणि मुळा-मुठेतले मासे त्याने मिळविले आणि १८३९ साली लंडनच्या प्राणिशास्त्र मंडळात त्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. नव्या जातींना नावे देताना त्याने पुष्कळदा इथल्याच लोकांच्या तोंडचे शब्द उचलले. शिंगाळा आणि नुकटा हे आपले शब्द त्यामुळे आजही शास्त्रीय ग्रंथांत लॅटिन नावांच्या पंगतीला बसलेले आहेत. जालना तेव्हा निजामाच्या राज्यात होते; सायक्सचे मासे भीमेकडचे.

श्वासाच्या कोड्याला हात घातला तो मद्रासच्या फौजेतील डॉक्टर फ्रान्सिस डे याने. १८६८ च्या सुमारास त्याने असे मासे पाण्यातच ठेवून त्यांची वर येण्याची वाट अडविली. ते पाण्यात असूनच गुदमरून मेले! मासा पाण्यात बुडून मरतो, हे ऐकून कोण हसणार नाही? पण हिशोब पाहा. ३० अंश उष्णतेच्या एक लिटर पाण्यात प्राणवायू फार तर ७-८ मिलिग्रॅम मावतो. एक लिटर हवेत तो त्याच्या सुमारे ३५ पट असतो. मरळाच्या कल्ल्यांवर रक्तवाहिन्यांनी भरलेली एक पोकळी असते, मांगुराच्या कल्ल्यांना झाडासारख्या फांद्या फुटलेल्या असतात, आणि शिंगी माशाच्या पाठीत शेपटीकडे जाणाऱ्या दोन लांब पिशव्या असतात. श्वासाचे काम यांवर सोपविल्यामुळे यांचे कल्ले आखूडलेले. नुसत्या कल्ल्यांवर त्यांचे भागत नाही.

ज्यांना हवेचा घोट घेता येत नाही, त्यांची सोय रक्तात असते. १९१९ साली ऑगस्ट क्रोग आणि इसाबेला लीच यांनी डेन्मार्कमध्ये दाखविले, की साचलेल्या पाण्यातल्या कार्प माशाचे रक्त अगदी थोड्या प्राणवायूलाही घट्ट धरते. ट्राउट किंवा समुद्रातला कॉड यांच्या रक्ताला ते साधत नाही. रोहू-कटला या कार्पाच्याच कुळातले. पण धरायला मुळात काही असावे तर लागते ना!

२०१२-१३ च्या दुष्काळात जालन्याला पाणी देणारा, निजामाच्या काळातला घाणेवाडीचा तलाव आटला. लोकांनी वर्गणी काढून यंत्रे लावली आणि गाळ उपसला. शहर तहानलेले असताना ते करणे भागच होते. त्याला नाव ठेवणारा मी कोण? पण मरळाच्या काही जाती तळे आटले की ओल्या चिखलात शिरून, अंग बुळबुळीत ठेवून दिवस काढतात. यंत्राच्या दात्याला चिखलात काय आहे ते कळत नाही.

पाऊस आला की रोहू-कटल्याची बोटुकली आणून तळ्यात सोडता येतात. मरळाची जोडी काठच्या गवतात अंडी घालते आणि पिलांच्या थव्यामागे राखणीला फिरते. अर्थात ती जोडी चिखलातून वाचली असेल तर.