दिवे लावण्याचा गुन्हा

१५ एप्रिल १९५८. अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यातल्या फ्लॅगस्टाफ शहराच्या नगरपरिषदेनं एक नियम केला : जाहिरातीसाठी आकाशात सर्चलाइट फिरवायचे नाहीत. फिरवले तर ३०० डॉलरपर्यंत दंड किंवा ९० दिवसांपर्यंत कैद. उजेड पाडला म्हणून तुरुंग!

यात नवल काय, हे कळायला थोडं मागे जावं लागेल. कारण त्याआधी पाचशेहून अधिक वर्षं दिव्यांचे नियम नेमकं उलट सांगत आले होते. लंडनच्या हेन्री बार्टन या महापौरानं १४१७ साली हिवाळ्याच्या संध्याकाळी घराबाहेर कंदील टांगायचा हुकूम काढला. पॅरिसमध्ये १६६७ साली रस्त्यांवर मेणबत्त्यांचे कंदील लागले, ते चौदाव्या लुईच्या पोलीसप्रमुखाच्या, ला रेनीच्या पुढाकारानं. रस्त्यावरचा दिवा हा आधी बंदोबस्त होता, सोय नंतर. (१७८९ च्या क्रांतीत पॅरिसच्या जमावानं माणसांना फासावर लटकवायला कंदिलाचीच दांडी वापरली, हा इतिहासाचा खवचटपणा.) मुंबईत १८६५ साली गॅसचे दिवे आले. सगळीकडे सरकारचा सूर एकच : अजून उजेड हवा.

फ्लॅगस्टाफनं वेगळा सूर लावला, त्याचं कारण गावालगतच्या टेकडीवर होतं. तिथे पर्सिव्हल लॉवेल या श्रीमंत, हौशी माणसानं १८९४ साली वेधशाळा बांधली. मंगळावर कालवे आहेत, ही त्याची समजूत साफ चुकीची निघाली. पण त्याच वेधशाळेत व्हेस्टो स्लायफरनं १९१२ साली देवयानी दीर्घिकेचा वेग मोजला आणि १९३० साली क्लाइड टॉम्बॉला प्लूटो सापडला. काळोख ही गावाची मिळकत होती, म्हणा ना.

सर्चलाइट बंद करणं तसं सोपं होतं. खरा पेच रस्त्यांचा. तिथे दिवा लागतोच. माणसं चालतात, गाड्या धावतात. मला फ्लॅगस्टाफची गोष्ट आवडते ती इथे. ‘दिवे बंद करा’ एवढ्यावर ते थांबले नाहीत. १९८९ साली त्यांनी प्रकाशाचं चक्क बजेट ठरवलं. एका एकरावर मिळून किती ल्युमेन चालतील याची मर्यादा घातली, आणि वेधशाळांच्या जवळ ती आणखी कडक. दिव्याला वरून झाकण हवं, म्हणजे उजेड जमिनीवर पडेल, आकाशात सांडणार नाही. रस्त्यांसाठी सोडियमचे पिवळे दिवे. त्यांच्या उजेडात लाल गाडी कोणती नि निळी कोणती, कळत नाही. पण तो प्रकाश जवळजवळ एकाच तरंगलांबीचा असतो, त्यामुळे खगोलशास्त्रज्ञांना तो गाळून टाकता येतो. २००१ साली फ्लॅगस्टाफ हे जगातलं पहिलं अधिकृत ‘डार्क स्काय’ शहर ठरलं.

मग एलईडी आले. वीज वाचते, खर्च वाचतो, विरोध कोण करणार? पण पांढऱ्या एलईडीच्या पोटात निळा प्रकाश असतो आणि निळा प्रकाश हवेत जास्त विखुरतो. दिवसा आकाश निळं दिसतं, त्याचंही कारण तेच. सोडियमचे तसे दिवे बनणं थांबत आलं, तेव्हा फ्लॅगस्टाफनं अंबर रंगाचे एलईडी निवडले.

आपल्याकडे २०१५ पासून केंद्राच्या योजनेत एक कोटीहून अधिक पथदिवे एलईडी झाले. ते बसवताना हिशोब विजेच्या युनिटचा होता, आकाशाचा नव्हता. रस्त्यांच्या प्रकाशासाठी आपलं भारतीय मानक आहे, आयएस १९४४. मोठ्या रस्त्याला सरासरी ३० लक्स, त्याहून कमी वर्दळीच्या रस्त्याला १५, असं ते सांगतं. म्हणजे उजेड किती हवा, हे आपण मोजतो. किती पुरे, हा प्रश्न नगरपालिकेच्या सभेत कुणी विचारत असेल, असं मला वाटत नाही.

महाराष्ट्रात तो प्रश्न विचारला गेला पेंचमध्ये. जानेवारी २०२४ मध्ये पेंच व्याघ्र प्रकल्प भारतातला पहिला ‘डार्क स्काय पार्क’ झाला. त्यासाठी सिल्लारी, पिपरिया, खापा, वाघोली या गावांतले शंभरावर दिवे बदलून उजेड खाली वळवला गेला. बातम्यांत फोटो आले ते आकाशगंगेचे. मला पाहायचे होते ते दिवे. खांब गावातच राहिले, रस्त्यावर उजेडही राहिला. फक्त दिव्याचं तोंड खाली झालं.