ग्रीक शोकांतिकेतील शहाणपण आणि सुख

इ. स. पू. पाचव्या शतकात अथेन्सच्या डायोनिसिया उत्सवात स्पर्धेसाठी सादर झालेल्या शोकनाट्यांतील एक केंद्रीय विचारविषय. शोकनाट्यकारांपैकी आज संपूर्ण नाटके तिघांचीच उपलब्ध आहेत : एस्किलस (7, पैकी ‘बंदिवान प्रमीथ्यूस’चे कर्तृत्व वादग्रस्त), सॉफोक्लीस (7) व युरिपिडीस (19, पैकी ‘रीसस’ वादग्रस्त).

एस्किलसच्या ‘अगमेम्नॉन’मधील (इ. स. पू. 458) वृंद (कोरस) झ्यूसचे स्तवन करताना सांगतो, की माणसाला शहाणपण भोगातून येते आणि नको असले तरी येते. त्या शहाणपणाने तो सुखी होतो, असे मात्र वृंद म्हणत नाही.

या विषयाचा सर्वांत सखोल विचार सॉफोक्लीसच्या ‘अँटिगनी’त (इ. स. पू. सु. 441) आढळतो. शहाणपण हा सुखाचा पहिला घटक होय, हे नाटकाच्या शेवटी वृंदाने काढलेले उद्गार सुभाषितासारखे सुटे उद्धृत केले जातात; ते प्रसंगात ठेवूनच वाचले पाहिजेत. अँटिगनीचा भाऊ पॉलिनायकीस याच्या प्रेताला मूठमाती देऊ नये, ही राजा क्रेऑनची आज्ञा. ती मोडणाऱ्या अँटिगनीला तो जिवंतपणी गुहेत कोंडतो. पुत्र हीमॉन त्याला माघार घेण्यास विनवतो. अंध द्रष्टा टायरीसियस बजावतो, तेव्हा क्रेऑन त्याच्यावर पैसे खाल्ल्याचा आरोप करतो. अखेर तो घाबरून वृंदाचा सल्ला मागतो. वृंद सांगतो : आधी मुलीला सोडव, मग प्रेताचे संस्कार कर. क्रेऑन हा क्रम उलटा करतो. तो गुहेशी पोहोचतो तेव्हा अँटिगनीने गळफास घेतलेला असतो. हीमॉन त्याच्यासमोर स्वतःवर तलवार चालवतो आणि ही वार्ता ऐकून राणी युरिडिसीही प्राण देते. म्हणजे क्रेऑनला उमज पडते, सल्लाही योग्य मिळतो आणि तरीही उशीर होतो. वृंदाचे ते उद्गार सर्वस्व गमावलेल्या या राजासमोर उच्चारलेले आहेत. प्रस्तुत विषयात या तपशिलाइतके महत्त्व दुसऱ्या कशालाही नाही.

सॉफोक्लीसच्याच ‘राजा ईडिपस’मध्ये स्फिंक्सचे कोडे सोडवणाऱ्या बुद्धिमंतालाच आपले जन्मदाते ठाऊक नसतात. मरणापूर्वी कोणालाही सुखी म्हणू नये, हा त्यातील समारोपाचा विचार इतिहासकार हिरॉडोटसने अथेन्सचा सोलोन व लिडियाचा राजा क्रीसस यांच्या कथेत सोलोनच्या तोंडीही घातला आहे. नाटकातील त्या अखेरच्या ओळी मूळच्या की प्रक्षिप्त, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. त्याच्या ‘एजॅक्स’मध्ये नायक आपल्या बाळाच्या अजाणपणालाच सर्वांत गोड जीवन म्हणतो.

युरिपिडीसच्या मरणोत्तर सादर झालेल्या ‘बाकाय’मध्ये वृंद चातुर्य आणि शहाणपण यांत भेद करतो.

ॲरिस्टॉटल ‘काव्यशास्त्रा’त नायकाच्या पतनाचे कारण दुष्टपणात न मानता प्रमादात शोधतो. सोलोनच्या मताची छाननी मात्र त्याच्या ‘निकोमाखीय नीतिशास्त्रा’त येते.

मराठीत : विंदा करंदीकर यांचे ‘ॲरिस्टॉटलचे काव्यशास्त्र’ (1957) हे या चर्चेचे महत्त्वाचे साधन. पु. ल. देशपांडे यांनी सॉफोक्लीसचे नाटक ‘राजा ओयदिपौस’ (1979) या नावाने मराठीत आणले. श्रीराम लागू यांनी सादर केलेली ‘अँटिगनी’ ही फ्रेंच नाटककार झाँ आनुई याच्या नाटकावर आधारित होती.