श्रेयांक मिळाला, श्रेयाचं काय?

पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेनं कोल्हापूर शहराची सामाजिक पाहणी तीन खंडांत छापली. पहिला खंड १९४८ चा, लोकसंख्या आणि जननप्रमाणावर. दुसरा १९५१ चा, उद्योग, व्यापार आणि कामगारांवर. तिसरा १९५२ चा, कौटुंबिक आणि सामाजिक जीवनावर. पहिला खंड आला तेव्हा कोल्हापूर हे संस्थान होतं. १ मार्च १९४९ ला ते मुंबई प्रांतात विलीन झालं. म्हणजे उरलेले दोन खंड हातात येईपर्यंत शहरावरचं राज्यच बदललेलं होतं. लेखक नी. वि. सोवनी. आजही अभ्यासक संदर्भ देतात तो ‘सोवनी १९४८’ असाच.

आता जरा विचार करा. कुठल्या घरात किती मुलं झाली, घरी कमावणारे किती, खाणारे किती, हे कुठल्याही दप्तरात बसून कळत नाही. कुणीतरी पेठेत जावं लागतं, दारात उभं राहावं लागतं, ‘तुम्ही कोण, कशाला विचारताय?’ हे ऐकून घ्यावं लागतं आणि मग तक्ता भरावा लागतो. समाजशास्त्रं ही अशा पायपिटीवर उभी आहेत. ग्रंथाच्या पाठीवर एक नाव असतं, तक्ते भरणारे हात पुष्कळ असतात.

हे हात आता कॉलेजातून येणार आहेत. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर बीएच्या अभ्यासक्रमात क्षेत्रप्रकल्प, समाजसहभाग, प्रत्यक्ष कामाचा अनुभव अशी खाती उघडली आहेत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या डिसेंबर २०२२ च्या आराखड्यानुसार तीन वर्षांच्या पदवीला १२० श्रेयांक, चार वर्षांच्या पदवीला १६०. पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के मिळाले, तर चौथ्या वर्षी संशोधनाचा मार्ग मोकळा आणि त्यातल्या प्रकल्पाला १२ श्रेयांक. अशा कामाचा एक श्रेयांक म्हणजे ३० तास. चार श्रेयांक म्हणजे १२० तास.

मराठीनं इथं एक गंमत करून ठेवली आहे. श्रेयांक या शब्दाच्या पोटातच श्रेय आहे. पण श्रेयांक गुणपत्रिकेवर येतो आणि श्रेय पुस्तकावर. दोन्ही एकाच माणसाला मिळतील याची हमी कुणी दिलेली नाही.

मिळू शकतात, हे मात्र शंभर वर्षांपूर्वी सिद्ध झालं आहे. १९१५ साली गिल्बर्ट स्लेटर नावाचे इंग्रज अर्थशास्त्रज्ञ मद्रास विद्यापीठात भारतीय अर्थशास्त्राचे प्राध्यापक म्हणून आले. त्याआधी ते ऑक्सफर्डला कामगारांसाठी असलेल्या रस्किन कॉलेजचे प्राचार्य होते. मद्रासमध्ये त्यांच्यासमोर बसलेली पोरं गावाकडून आलेली. विषय भारताचं अर्थकारण आणि भारत तर त्या पोरांच्या घरी. स्लेटरनी त्यांना प्रश्नावली दिली: सुट्टीत गावी जाताय ना, मग जमीन कुणाची, मजुरी किती, कर्ज कुणाकडून, हे विचारून लिहून आणा. त्यातून १९१८ साली दक्षिण भारतातल्या खेड्यांवरचं पुस्तक निघालं. विद्यार्थ्यांनी केलेली गावांची वर्णनं त्यात त्यांच्या नावानं छापली गेली. श्रेयांक शून्य, श्रेय पूर्ण.

ते काम टिकलंही. १९३६-३७ मध्ये त्याच गावांची फेरपाहणी झाली, पुढं पुन्हा पुन्हा झाली. अर्थशास्त्रात आजही ‘स्लेटरची गावं’ म्हटलं की ती कुठली हे सांगावं लागत नाही. आता हे नावही स्लेटरचंच झालं, ही गोष्ट वेगळी.

त्याच सुमारास आपल्याकडे पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मान सहकाऱ्यांना घेऊन पिंपळे सौदागरला जात होते. होय, आज जिथं आयटीवाल्यांचे टॉवर आहेत तेच. १९१७ च्या त्यांच्या पुस्तकानं दाखवलं की तिथली सरासरी जमीनधारणा १७७१ मध्ये ४० एकर होती, ती १९१४-१५ पर्यंत ७ एकरांवर आली. शेतकरी आळशी म्हणून गरीब, या सोयीच्या समजाला एका गावाच्या आकड्यांनी दिलेलं ते उत्तर होतं.

मग तास कुठून आले? अमेरिकेतून, आणि तेही पेन्शनच्या वाटेनं. पोलाद उद्योजक अँड्र्यू कार्नेगी यांनी प्राध्यापकांच्या निवृत्तिवेतनासाठी १९०५ साली मोठा निधी दिला. पैसे कुठल्या कॉलेजला द्यायचे हे ठरवायला मोजमाप हवं होतं. म्हणून प्रवेशासाठी शाळेतल्या शिक्षणाचं एकक ठरलं: एका विषयाचे वर्षाला १२० तास. पोरगं काय शिकलं हे मोजणं अवघड, किती वेळ बसलं हे मोजणं सोपं. तेव्हापासून सोपंच मोजलं जात आहे.

१९६९ साली दोन गोष्टी घडल्या. अमेरिकेत एमआयटीमध्ये मार्गारेट मॅकव्हिकर यांनी पदवीच्या विद्यार्थ्यांना प्राध्यापकांच्या संशोधनात सामील करणारी योजना सुरू केली. तिथं विद्यार्थ्याला निवड होती: या कामाचे श्रेयांक घे, नाहीतर पगार घे. भारतात त्याच वर्षी, गांधी जन्मशताब्दीच्या निमित्तानं, राष्ट्रीय सेवा योजना आली. वर्षाला तास किती? १२०. शिवाय सात दिवसांचं शिबिर. आपल्याकडे हजारो मुलामुलींनी आयुष्यातलं पहिलं गावसर्वेक्षण केलं ते याच शिबिरात. त्या भरलेल्या तक्त्यांचं पुढं काय होतं? बहुतेक ते महाविद्यालयाच्या कपाटात जातात. एवढ्या मोठ्या प्रमाणावर गोळा करून एवढं कमी वाचलं गेलेलं साहित्य दुसरं क्वचितच असेल.

एमआयटीच्या योजनेतला ‘नाहीतर पगार’ हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो आणि त्यासाठी अमेरिकेला जायची गरज नाही. कर्मवीर भाऊराव पाटील हातकणंगले तालुक्यातल्या कुंभोजचे. त्यांनी १९१९ ला रयत शिक्षण संस्था काढली, १९४७ ला साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज उभं केलं ते ‘कमवा आणि शिका’ या तत्त्वावर. गरिबाच्या पोराचा वेळ फुकट नसतो, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. पहाटे पेपर टाकणारा, संध्याकाळी मेडिकलमध्ये उभा राहणारा विद्यार्थी १२० तास आणणार कुठून? ज्याच्या घरी भागतं तोच संशोधन सहायक होणार. आणि प्रश्न कुठले विचारायचे हेही मग त्याच घरांतून ठरणार. शिवाय श्रेयांकासाठी फी विद्यार्थीच भरतो. म्हणजे काम त्याचं आणि पैसेही त्याचेच.

सहायकाचं काम म्हणजे नेमकं काय, हेही पाहायला हवं. मुलाखतीचं रेकॉर्डिंग ऐकून शब्दशः उतरवायचं, एक तासाच्या बोलण्याला चार-पाच तास सहज जातात. प्रश्नावल्या एक्सेलमध्ये भरायच्या. जुनी वर्तमानपत्रं चाळायची. कंटाळवाणं आहे, पण फुकाचं नाही. शिरोळ तालुक्यातल्या बाईचं ‘पाणी आलं तसं म्हस सोडली’ हे वाक्य दहा वेळा ऐकून उतरवणाऱ्याला २०१९ आणि २०२१ च्या महापुरांबद्दल काहीतरी असं कळतं, जे अहवाल वाचणाऱ्याला कळत नाही. अडचण तेव्हा येते, जेव्हा हे कळलेलं त्याला कुणी विचारत नाही. तक्ता घेतला, सही केली, पुढचा.

शिवाजी विद्यापीठाचे पहिले कुलगुरू आप्पासाहेब पवार हे इतिहासकार होते. ताराबाईकालीन कागदपत्रांचे खंड त्यांनी संपादित केले. मोडी वाचायची, नक्कल करायची, तारीख जुळवायची, हे काम तेव्हाही लागत होतं, आजही लागतं. कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात कागदांची कमतरता नाही, मोडी वाचणाऱ्या डोळ्यांची आहे. ३० तासांत मोडी येत नाही, १२० तासांत हात बसू लागतो. अशा प्रकल्पाला श्रेयांक द्यावा, मानधन द्यावं, आणि छापताना ‘वाचन व लिप्यंतर’ पुढं विद्यार्थिनीचं नाव टाकावं. एका ओळीचा खर्च आहे.

सोवनींचे तीन खंडही वाट बघत आहेत. पंचाहत्तर वर्षं होऊन गेली. तेच प्रश्न घेऊन, त्याच पेठांत, आजच्या वर्गानं जायला काय हरकत आहे? मंगळवार पेठेपासून सुरुवात करता येईल.