चित्रमुद्रित पाठ आणि फिरता विद्यार्थी

तापी नदी मध्य प्रदेशात मुलताई येथे उगम पावते आणि खानदेशातून वाहत जाऊन सुरतेपलीकडे समुद्राला मिळते. तिच्याच काठी, मुंबई-अहमदाबाद हमरस्त्यावर, सुरत जिल्ह्यातील कामरेज वसलेले आहे. दिवाळी उलटली की नंदुरबार-धुळ्याकडील अनेक कुटुंबे दक्षिण गुजरातेतील या पट्ट्यात ऊसतोडीसाठी उतरतात. नवराबायकोच्या जोडीला तेथे ‘कोयता’ म्हणतात. मुकादमाकडून घेतलेली उचल फिटेपर्यंत हा कोयता पडावावर राहतो आणि त्याच्यासोबत त्याची मुलेही राहतात. गावची शाळा जागच्या जागी असते. विद्यार्थी मात्र निघून गेलेला असतो. उन्हाळ्याच्या तोंडी तो परततो, तेव्हा वर्ग फार पुढे गेलेला असतो.

विद्यार्थी शाळेपर्यंत येऊ शकत नसेल, तर शाळेने त्याच्यापर्यंत जावे, या विचाराला भारतात बराच जुना इतिहास आहे. दिल्लीत १९५९ साली दूरचित्रवाणी सुरू झाली आणि १९६१ साली फोर्ड फाउंडेशनच्या साहाय्याने तेथील माध्यमिक शाळांसाठी पाठांचे प्रक्षेपण सुरू झाले. प्रयोगशाळा अपुऱ्या होत्या आणि विज्ञान शिकविणारे शिक्षकही थोडे होते. एका निष्णात शिक्षकाचा प्रयोग अनेक वर्गांना एकाच वेळी दाखविता यावा, हा त्यामागील हेतू होता. तथापि पडद्यावरील पाठापूर्वी वर्गाची तयारी करून घेणे आणि पाठ संपल्यावर शंकानिरसन करणे, ही कामे वर्गातील शिक्षकाकडेच ठेवण्यात आली होती. या योजनेचे मर्म याच व्यवस्थेत होते, आणि पुढे अनेकदा त्याचाच विसर पडला.

यानंतरचा मोठा प्रयोग उपग्रहाचा. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षात अमेरिकेच्या एटीएस-६ या उपग्रहाच्या साहाय्याने सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत दूरचित्रवाणी पोहोचली. कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीची थाळी शाळेच्या आवारात उभी राहिली. सकाळी मुलांसाठी प्रत्येक भाषेत साडेबावीस मिनिटांचा कार्यक्रम असे. याच उपग्रहाद्वारे सुमारे ५० हजार प्राथमिक शिक्षकांना विज्ञान-अध्यापनाचे प्रशिक्षण देण्यात आले. तेथेही केवळ पडद्यावर भिस्त नव्हती. नभोवाणी, छापील साहित्य आणि प्रत्यक्ष चर्चा यांची त्याला जोड दिलेली होती.

गुजरातेत याच सुमारास खेडा जिल्ह्यातील पीज येथील प्रक्षेपकाभोवती एक वेगळीच परंपरा निर्माण झाली. अहमदाबादच्या अवकाश उपयोजन केंद्रातील मंडळी गावोगाव जाऊन लोकांच्या अडचणी ऐकून घेत आणि त्यांच्यावर कार्यक्रम रचीत. कित्येकदा गावकरीच त्यात भाग घेत. कार्यक्रम दाखवून झाल्यावर तो कितपत कळला, याचीही चौकशी होत असे. या प्रकल्पाला पुढे युनेस्कोचे पारितोषिक मिळाले. पडदा स्वतः ऐकू शकत नाही. म्हणून ऐकणारी माणसे त्याच्या मागे उभी करावी लागतात, हे खेड्याच्या प्रयोगाने दाखवून दिले.

१९८४ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी राष्ट्रीय पातळीवर पाठांचे प्रक्षेपण सुरू केले. त्याच वर्षी पुण्यात बालचित्रवाणी ही संस्था स्थापन झाली आणि मराठी मुलांना त्यांच्या भाषेतील शैक्षणिक कार्यक्रम पाहावयास मिळू लागले. २०१७ साली ती बंद पडली. दरम्यान, २००४ मध्ये केवळ शिक्षणासाठी वाहिलेला ‘एज्युसॅट’ हा उपग्रह श्रीहरिकोट्याहून सोडण्यात आला. त्याच्या साहाय्याने दूरच्या वर्गातील विद्यार्थी शिक्षकाला उलट प्रश्न विचारू शकत असे.

एवढे होऊनही एक अडचण शिल्लक होती. प्रक्षेपणाची वेळ चुकली की धडाही चुकत असे. २०१७ मध्ये ‘स्वयंप्रभा’ या ३२ वाहिन्या सुरू झाल्या. त्यांवर रोज किमान चार तासांचे नवे पाठ दाखवून ते दिवसातून आणखी पाच वेळा दाखविण्याची योजना करण्यात आली. ते पाठ गुजरातच्या राजधानीतून, गांधीनगरच्या भास्कराचार्य संस्थेतून, उपग्रहाकडे पाठविले जात. पुढे मोबाइल घरोघर आला आणि वेळेचे बंधन जवळजवळ संपले. चित्रमुद्रित पाठ वाटेल तेव्हा लावावा, थांबवावा, पुन्हा पाहावा, अशी सोय झाली. फिरत्या विद्यार्थ्याच्या दृष्टीने ही गोष्ट लहान नव्हे.

मार्च २०२० मध्ये करोनाच्या साथीमुळे शाळा बंद झाल्या आणि या साधनाची कसोटी लागली. महाराष्ट्रात २० जुलै २०२० पासून सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ ही मालिका सुरू झाली. मुलांनी घरातल्या आणि परिसरातल्या वस्तू घेऊन स्वतः काहीतरी करून पाहावे, यावर तिचा भर होता. परंतु ज्या घरी एकच मोबाइल होता आणि तोही बापाबरोबर कामावर जात असे, तेथे उत्तम पाठही मुलापर्यंत पोहोचला नाही. सुरतेतील हजारो परप्रांतीय कामगार त्या वर्षी आपापल्या गावी निघून गेले. त्यांच्या मुलांची शाळा दुहेरी सुटली.

कामरेज परिसरातील पडावावरच्या मुलाचा प्रश्न तर याहून अवघड आहे. घरी तो अहिराणी किंवा भिलोरी बोलतो, गावच्या शाळेत मराठी शिकतो, आणि पडावाजवळच्या शाळेत त्याच्या कानी गुजराती पडते. चित्रमुद्रित मराठी पाठ त्याच्या गावच्या वर्गाशी असलेला धागा टिकवू शकेल. छापील पुस्तकाला जे साधत नाही, ते आवाजाला आणि चित्राला काही अंशी साधेल. मात्र हा पाठ त्याच्या हाती देऊन मोठी माणसे कामावर निघून गेली, तर काही दिवसांत तो करमणुकीच्या चित्रांकडे वळेल. त्यात त्याचा दोष नाही. दिल्लीतील वर्गात शिक्षक होता, खेडा जिल्ह्यात विचारपूस करणारी मंडळी होती; पडावावर असे कोणीच नसते.

म्हणून या साधनाचा खर्च मांडताना यंत्र आणि पाठ यांच्या जोडीला एका माणसाचे वेतनही धरावयास हवे. त्याने निष्णात असलेच पाहिजे असे नाही, कारण निष्णात शिक्षक पडद्यावर आहेच. मुलांची भाषा जाणणारी एखादी शिकलेली मुलगीही हे काम करू शकेल. कोयता पहाटे फडात गेल्यावर तिने पाच-दहा मुले एकत्र बसवावीत, पाठ लावावा, मध्येच थांबवावा आणि प्रत्येकाकडे पाहून विचारावे, “कळलं का?” मूल मान हलवून गप्प बसले, तर तोच पाठ तिने पुन्हा लावावा.